अस्सलाशी रुजुवात

एखादे यंत्र कामातून गेले म्हणजे त्याचे पुढे काय करावे, हा प्रश्न आपल्याकडे सहसा कोणी विचारीत नाही. ते भंगारवाल्याच्या काट्यावर चढते आणि त्याच्या आयुष्याचा हिशेब किलोच्या भावाने चुकता होतो. परंतु ज्यांना यंत्राविषयी खरोखर ममत्व आहे अशा थोड्या लोकांतही दोन पक्ष आहेत, आणि त्यांचे म्हणणे सहजासहजी जुळत नाही: एकाच्या मते यंत्राचे मूळ रूप, म्हणजे त्याच्या कर्त्याने कागदावर रेखाटलेले आणि कारखान्यातून बाहेर पडलेले निर्दोष रूप, जपले पाहिजे, दुसऱ्याच्या मते रूप बदलले तर बदलो, प्रत्यक्ष यंत्र, त्याच्या झिजेसह आणि डागडुजीसह, जपले पाहिजे. माझे चुलते आबा आणि त्यांचे व्याही नाना यांच्यामध्ये याच विषयावर जो दीर्घ वाद झाला, तो मी शेजारी बसून ऐकला. त्यातले पुष्कळसे मला अजून विचार करायला लावते, म्हणून तो येथे मांडीत आहे.

वादाचा विषय आबांचा ट्रॅक्टर. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी, वस्तीवरच्या पत्र्याच्या छपरीत तो उभा आहे. तो फर्ग्युसनचा टी.ई. 20. इंग्लंडातील कॉव्हेंट्री शहरी बॅनर लेन येथे युद्धकाळात विमानांची इंजिने बनविण्यासाठी जो कारखाना उभारला गेला, त्यातच स्टँडर्ड मोटर कंपनीने हॅरी फर्ग्युसनसाठी 1946 पासून 1956 पर्यंत हे ट्रॅक्टर बांधले, आणि त्या दहा वर्षांत त्यांची संख्या पाच लाखांच्या वर गेली. आबांच्या वडिलांनी घेतलेला ट्रॅक्टर त्यांपैकी पेट्रोलवर सुरू करून, इंजिन तापले की रॉकेलच्या जातीच्या तेलावर चढवायचा. नानांनी पुण्याच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात उभी हयात घालविली. निवृत्तीनंतर त्यांना ट्रॅक्टरांच्या प्रतिकृती जमविण्याचा छंद लागला, आणि त्या संग्रहातली त्यांची सर्वांत लाडकी वस्तू म्हणजे याच टी.ई. 20 ची सोळास एक या प्रमाणातली, ओतीव धातूची, करड्या रंगाची प्रतिकृती. तालुक्याच्या कृषिप्रदर्शनात आबांचा ट्रॅक्टर मांडायचे ठरले, तेव्हा मुलांनी आग्रह धरला की नानांची प्रतिकृती समोर ठेवावी आणि तिच्याबरहुकूम सगळा ट्रॅक्टर नवा करून घ्यावा. नाना त्यासाठीच पुण्याहून आले होते, आणि प्रतिकृती मऊ फडक्यात गुंडाळून त्यांनी बरोबर आणली होती.

नाना : आबासाहेब, राग मानू नका, पण छपरीत उभे असलेले हे यंत्र आता टी.ई. 20 राहिलेले नाही. फर्ग्युसनने आपला ट्रॅक्टर करडा रंगविला, चाकांपासून बॉनेटपर्यंत एकच रंग. तुमचा तांबडा आहे. पुढचे दिवे कोणत्या तरी जीपचे आहेत. बैठक मूळची एका पत्र्याच्या ठशातून काढलेली होती, तिच्या जागी लोखंडी पाट्यांची आली. डाव्या मडगार्डला ठिगळ आहे. मागे ट्रॉलीसाठी जो हूक जोडला आहे, तो गावातल्या लोहाराच्या हातचा दिसतो. आणि ही पाहा माझ्याजवळची: मूळ ट्रॅक्टरची लांबी सुमारे 292 सेंटिमीटर, त्याला सोळाने भागले की सव्वाअठरा, हिची लांबी मोजा, केसाचा फरक पडणार नाही. पुढचा आस कसा तीन तुकड्यांचा आहे, दोन चाकांमधले अंतर कमीजास्त करण्यासाठी त्यात भोके कशी ओळीने पाडली आहेत, तेही हिच्यात दिसेल. ज्या दिवशी तुमचा ट्रॅक्टर कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून बाहेर पडला, त्या दिवसाचे यथार्थ स्वरूप आज या भूमीवर कुठे असेल तर ते माझ्या हातात आहे.

आबा : नानासाहेब, तुमच्या हातातली वस्तू सुरेख आहे, हे मी नाकारीत नाही. मला एवढेच सांगा, तिच्यातला गिअरचा दांडा हलतो काय?

नाना : नाही. तो ओतीव आहे.

आबा : मग ज्या गोष्टीसाठी मी फर्ग्युसनला मानतो, ती तुमच्या हातात नाही. या ट्रॅक्टरला स्टार्टरचे वेगळे बटण नाही; गिअरचा दांडा एका विशिष्ट खाचेत ढकलला तरच इंजिन फिरते. म्हणजे ट्रॅक्टर गिअरमध्ये असताना चालू करण्याची चूक कोणाला करायची म्हटली तरी करता येत नाही. आमच्या घरात लहान पोरे या ट्रॅक्टरच्या अंगाखांद्यावर वाढली, पण त्याने कधी कोणाला चिरडले नाही, आणि त्याचे श्रेय त्या खाचेला आहे. रंग करडा होता की तांबडा, हे मला त्याच्यापुढे गौण वाटते. तांबडा रंग बहात्तरच्या दुष्काळानंतरचा. त्या वर्षी गुरे चारा छावणीत होती, शेतात करण्याजोगे काहीच नव्हते, आणि पत्र्याला गंज चढू लागला होता. तालुक्याच्या दुकानात जो रंग मिळाला तो दिला. तो खरवडून काढायचा म्हणजे ते वर्ष खरवडून काढायचे, असे मला वाटते.

येथे नाना थोडे थांबले. परंतु ते मुळात हिशेबी गृहस्थ असल्यामुळे त्यांनी बाजू बदलून मुद्दा पुढे नेला. प्रतिकृतीचे शास्त्र किती कठीण आहे हे लोकांना ठाऊक नसते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि मला ते पूर्णपणे पटले. लांबी सोळा पटीने कमी केली की क्षेत्रफळ 256 पटीने कमी होते आणि घनफळ 4,096 पटीने. मूळ ट्रॅक्टरचे वजन सुमारे 1,130 किलो. त्या हिशेबाने प्रतिकृती 275 ग्रॅमच्या आसपास भरायला हवी. ती त्याच्या दुपटीहून अधिक भरते, कारण मूळचा जो पत्रा एक-दीड मिलिमीटर जाडीचा, तो सोळाव्या हिश्शाने पातळ करायचा तर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा करावा लागेल, आणि धातूचा रस साच्यात तेवढा पातळ पसरत नाही. रंगाचीही तीच कथा: प्रतिकृतीवरचा रंगाचा थर मिलिमीटरचा दहावा भाग धरला, तरी मूळच्या मापात त्याची जाडी दीड मिलिमीटरच्या वर जाते, एवढा रंग खऱ्या ट्रॅक्टरवर थापला तर खिळ्याबोल्टांची डोकी बुजून जातील. म्हणून कुशल कारागीर काही ठिकाणी माप जाणूनबुजून मोडतो, रेषा थोडी खोल करतो, कडा थोडी तीक्ष्ण ठेवतो, आणि तेव्हा कोठे डोळ्याला ते रूप खरे भासते. डोळ्याला जे खरे वाटावे म्हणून माप मोडावे लागते, त्याला मी फसवणूक म्हणणार नाही. ती चित्रकाराच्या जातीची कला आहे, आणि तिला तिचा मान मिळाला पाहिजे.

नाना : आणि या कलेला वंशपरंपराही आहे. अमेरिकेत आयोवा प्रांतात फ्रेड अर्टल नावाच्या गृहस्थाने 1945 मध्ये घरच्या तळघरात भट्टी मांडली आणि युद्धातून उरलेल्या विमानांचे ॲल्युमिनियमचे पिस्टन वितळवून खेळण्यांतले ट्रॅक्टर ओतले. पुढे ट्रॅक्टर बनविणाऱ्या कंपन्यांच्या परवानगीने त्याने त्यांच्याच यंत्रांच्या प्रतिकृती काढल्या, आणि ज्या दुकानात बाप खरा ट्रॅक्टर पाहायला जाई, त्याच दुकानात मुलाला धाकटा ट्रॅक्टर मिळू लागला. ज्या डायर्सव्हिल गावी हा कारखाना नांदला, तेथे आज शेतीच्या खेळण्यांचे संग्रहालय आहे. खरी यंत्रे मोडीत निघाली, आबासाहेब. त्यांतली कित्येक जातीची यंत्रे पुढच्या पिढीला दिसतील ती या संग्रहांतूनच. पाच लाख टी.ई. 20 पैकी तुमच्यासारख्या किती जणांनी ठेवले असतील? आणि ठेवले तरी प्रत्येकाने आपापल्या सोयीने बदलले. मग भावी काळात एखाद्याला विचारावेसे वाटले की हा ट्रॅक्टर मुळात कसा होता, तर साक्ष कोणाची काढायची?

आबा : साक्ष कशाची हवी, त्यावर ते ठरेल. कसा दिसत होता याची साक्ष तुम्ही द्या. कसा राबला याची साक्ष हा देईल. इकडे या, ही ब्रेकची पायतळे पाहा.

आम्ही खाली वाकलो. उजव्या ब्रेकच्या लोखंडी पायतळावरच्या रेघा पूर्णपणे पुसून गेल्या होत्या आणि बाहेरची कड सुरीच्या पात्यासारखी पातळ झाली होती. डाव्या पायतळावर मात्र रेघा बोटाला लागत होत्या. आबांनी कारण सांगितले. नांगर उजवीकडे माती पलटणारा, आणि त्यांच्या वडिलांची रीत अशी की रानाच्या मध्यावर पहिले तास टाकायचे आणि त्याच्या दोन्ही अंगांनी माती आत घेत जायचे. त्यामुळे बांधाशी आल्यावर प्रत्येक वेळी उजवीकडेच वळावे लागे, आणि आखूड जागेत वळायचे म्हणजे उजवे चाक ब्रेकने धरावे लागे. मग त्यांनी बैठकीच्या उजव्या बाजूचा अर्धवर्तुळाकार पट्टा दाखविला, ज्याच्यावरून नांगर खालीवर करण्याचा छोटा दांडा सरकतो. त्या पट्ट्यावर एका ठिकाणी, अगदी नखाएवढ्या जागेत, धातू चकचकीत झाला होता आणि किंचित खोलगटही. आमच्या काळ्या रानात वीतभर खोल तास लागे. दांडा त्या जागी आणून ठेवायचा, आणि वर्षानुवर्षे तो त्याच जागी येऊन बसला. आमच्या जमिनीचा सातबारा तलाठ्याच्या दप्तरी आहे. पण त्या जमिनीची खोली कोठे लिहिली गेली असेल तर ती त्या पट्ट्यावर.

नानांनी खिशातून भिंग काढून तो खोलगट भाग पुष्कळ वेळ पाहिला. मग ते जे बोलले त्याने वादाला निराळेच वळण लागले.

नाना : आबासाहेब, हा दांडा शेवटी केव्हा वापरला? नांगरासाठी म्हणतो मी.

आबा : फार दिवस झाले. पुढेपुढे नांगर खोली धरीनासा झाला. दांडा खाली केला की थेट तळाला जाई आणि इंजिन दबे. वर केला की साफ उचलला जाई. अधेमधे म्हणून ठरेना. पंप झिजला म्हणाले सगळे. मग आम्ही ट्रॉलीच ओढली त्याच्यावर.

नानांनी प्रतिकृती उलटी धरली आणि तिच्या मागच्या बाजूला, नांगराचा वरचा दांडा जेथे अडकवितात त्या जागी, पेन्सिलीचे टोक ठेवले. या ट्रॅक्टरची सारी कीर्ती त्या जागेत आहे, म्हणून येथे जरा थांबले पाहिजे.

फर्ग्युसन हा आयर्लंडच्या डाउन परगण्यातला शेतकऱ्याचा मुलगा. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, आयर्लंडच्या शेतीखात्याने त्याला गावोगावचे ट्रॅक्टर नीट चालतात की नाही हे पाहण्याच्या कामावर नेमले, आणि तेथे त्याच्या ध्यानात आले की बैलाच्या जागी यंत्र जुंपून नांगर साखळीने मागे ओढणे हा विचारच चुकीचा आहे. असा ओढलेला नांगर खडकाला अडला की मागची चाके फिरतच राहतात आणि ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकाच्या अंगावर मागे उलटतो. कित्येक माणसे अशी मेली. फर्ग्युसनने नांगर आणि ट्रॅक्टर यांचे एकच शरीर केले: खाली ओढणारे दोन हात, वर एक दांडा, असे तीन सांधे. जमीन जड लागली की नांगर मागून पुढे कलंडू पाहतो, वरचा दांडा पुढे रेटला जातो, तो एका जाड स्प्रिंगला दाबतो, आणि त्या दाबाने तेलाचा पंप उघडून नांगर किंचित वर घेतो. भार हलका झाला की स्प्रिंग परतते आणि नांगर आपल्या खोलीला येतो. याच रेट्याने पुढची चाके जमिनीला धरून राहतात, नांगराचा आणि मातीचा भार मागच्या चाकांवर येतो, आणि म्हणून हजार-अकराशे किलोचा हलका ट्रॅक्टर आपल्याहून कितीतरी जड यंत्राचे काम करतो. नांगर अडलाच तर मागची चाके जागच्या जागी फिरू लागतात. ट्रॅक्टर उलटत नाही.

नाना : ही माझ्या प्रतिकृतीतली वरच्या दांड्याची बेचकी पाहा. ती ट्रॅक्टरच्या धडाला जखडलेली नाही. तिच्या मागे स्प्रिंगसाठी जागा सोडलेली दिसते. आता तुमच्याकडची पाहा. बेचकीवरून आडवी पट्टी टाकून कोणी तरी ती धडाला वेल्डिंगने जखडून टाकली आहे. वरचा दांडा हलूच शकत नाही, तर पंपाला कळणार कसे की जमीन जड आहे की हलकी? मग नांगर तळाला तरी जाणार किंवा वर तरी येणार. पंपाचा काही दोष नाही. ट्रॉलीला किंवा पाण्याच्या टाकीला बळकटी यावी म्हणून कोण्या मिस्त्रीने हे केले असावे.

आबा बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत राहिले. ती पट्टी त्यांच्या डोळ्यांसमोर इतकी वर्षे होती की ती मूळचीच आहे असे त्यांनी धरून चालले होते. आणि मला वाटते, प्रत्यक्ष यंत्र जपणाऱ्या पक्षाची खरी अडचण हीच आहे. अस्सल जे असते ते रोज थोडे बदलते, आणि रोज पाहणाऱ्याला तो बदल दिसत नाही. जुन्या दप्तरांत नकलेची अस्सलाशी रुजुवात घेत. परंतु अस्सलावरच खाडाखोड झाली असेल, तर तिचा शोध एखादी जुनी, निर्मळ नक्कलच लावून देते. नानांच्या त्या न हलणाऱ्या, न राबलेल्या वस्तूने त्या दिवशी हे काम केले.

आबा : म्हणजे एवढ्याशा खेळण्याने तुम्हांला ते सांगितले.

नाना : यात नवल नाही. 1938 च्या ऑक्टोबरात फर्ग्युसन अमेरिकेत हेन्री फोर्डच्या भेटीला गेला तेव्हा त्याने आधी फोर्डच्या शेतावर खरा ट्रॅक्टर चालवून दाखविला, आणि मग तेथेच उघड्यावर एका टेबलावर किल्लीने चालणारी लहानशी प्रतिकृती मांडून, नांगर जमिनीत शिरला की बळ कोठून कोठे जाते, ते समजावून दिले. फोर्ड इतका प्रसन्न झाला की कागदाचा कपटा न लिहिता हातात हात देऊन करार झाला, आणि पुढच्याच वर्षी दोघांच्या नावाचा ट्रॅक्टर निघाला.

आबा : आणि तो करार टिकला काय?

नाना : नाही. फोर्डच्या नातवाने तो मोडला. मोठा खटला झाला. शेवटी 1952 मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलर घेऊन फर्ग्युसनने तडजोड केली.

आबा : लेखी कबुलायत घ्यायला हवी होती. पण ते राहू द्या. त्या टेबलावरचे चिमुकले यंत्र चालत होते, नानासाहेब. त्याचा नांगर वरखाली होत होता. तुमच्याजवळचे चालत नाही.

हा भेद आबांनी नेमका हेरला, आणि माझा कौल मला येथेच द्यावासा वाटतो. प्रतिकृतीला दोन मार्ग मोकळे आहेत. एक मार्ग टेबलावरच्या त्या किल्लीच्या ट्रॅक्टरचा: त्याचे रूप ओबडधोबड असेना का, परंतु यंत्रातला विचार त्यात जिवंत असतो. दुसरा मार्ग नानांच्या संग्रहाचा: विचार त्यात थिजलेला असतो, परंतु त्याचे अचूक चिन्ह मागे राहिलेले असते, आणि जाणत्याला ते वाचता येते. दोन्ही मार्ग सन्मान्य आहेत. सन्मान्य नाही ते तिसरेच, आणि मुलांचा आग्रह नेमका त्या दिशेने चालला होता: खऱ्या यंत्राला प्रतिकृतीसारखे करणे. झिजलेली पायतळे काढून नवी बसविली, पट्ट्यावरचा खोलगट भाग भरून घासला आणि सगळ्यावर करडा रंग फवारला, तर प्रदर्शनात जे उभे राहील ती एकास एक या प्रमाणातली प्रतिकृती असेल. आणि सोळास एकवाली तर नानांच्या कपाटात आधीच आहे, तिच्याहून सुबक आणि सांभाळायला सोपी. 1958 च्या 4 जानेवारीला एडमंड हिलरी याच जातीचे तीन ट्रॅक्टर, चाकांभोवती पट्टे चढवून आणि वर कापडी आडोसा उभारून, दक्षिण ध्रुवावर घेऊन गेला. त्यांतला एक न्यूझीलंडात ख्राइस्टचर्चच्या कँटरबरी संग्रहालयात ठेवला आहे. तो पाहायला माणसे जातात ती त्याच्या कारखानी सौंदर्यासाठी खासच जात नाहीत.

नाना : मी रंगाचा आग्रह सोडतो. पण ती पट्टी कापली पाहिजे, एवढे माझे ऐका. तीही झीज आहे आणि तोही इतिहास आहे, असे म्हणाल तर मी म्हणेन की त्या इतिहासाने या यंत्राचा प्राणच कोंडला आहे.

आबा : ती कापायचीच. ठिगळाने पत्रा वाचला, हुकाने ट्रॉली ओढली, तांबड्या रंगाने गंज रोखला. त्या सगळ्यांनी याला चालते ठेवले. या पट्टीने याला अडविले. तिची तरफदारी मी करणार नाही.

कटर आणण्यासाठी धाकटा मुलगा मोटरसायकलवरून फाट्यावर गेला, तोवर नानांनी वही उघडली. प्रदर्शनात ट्रॅक्टरशेजारी प्रतिकृती मांडायची आणि दोहोंमधल्या प्रत्येक फरकाची नोंद, तो केव्हा आणि का पडला यासह, एका फलकावर लावायची, असे त्यांनी सुचविले. आबा सांगू लागले आणि नाना बारीक, तिरप्या ड्राफ्ट्समनी अक्षरात टिपून घेऊ लागले. मडगार्डचे ठिगळ: ओढ्यात ट्रॅक्टर कलला त्या पावसाळ्यातले. दिवे: रात्री ऊस कारखान्याला न्यावा लागू लागला तेव्हाचे. बैठक: आबांची कंबर धरली त्या वर्षाची. उजव्या पायतळाची जाडी नानांनी व्हर्निअर लावून तीन ठिकाणी मोजली आणि डाव्याचीही मोजली. तांबड्या रंगापाशी मात्र पुन्हा तंटा पडला, कारण त्याखाली मूळचा करडा अजून शिल्लक आहे की नाही हे पाहण्यासाठी नानांना दोन बोटे जागा खरवडायची होती, आणि आबा म्हणाले की खरवडायचीच असेल तर बॉनेटच्या आतल्या अंगाने खरवडा, बाहेरून हात लावू देणार नाही. त्यावर नानांनी विजेरी मागितली आणि बॉनेट उचलायला मला हाक मारली.